नरेशचा उजवा हात

मूर्तीच्या कारखान्यात प्लास्टरची पूड आणि किस्से यांचं एकच असतं. संध्याकाळी कितीही झाडून काढा, सकाळी परत खिडकीत बोटभर थर! दिवसभर हात कामात, डोळे कामात, तोंड तेवढं रिकामं. मग साचणारच ना? मी पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला लागले तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, आणि सोडलं तेव्हा लेक कॉलेजात जात होती. एवढ्या वर्षांत किती साचले असतील, तुम्हीच बघा.

लोकांना वाटतं, ही आता देवाधर्माच्या गोष्टी सांगणार. नाही हो! आमच्याकडे सगळ्यात जास्त किस्से साचले ते एका मारामारीचे. नव्वद सालानंतरची गोष्ट, घरोघरी केबलच्या वायरी लटकायला लागल्या होत्या तेव्हाची. आज हसत सांगते, पण तो आषाढ आम्ही कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत.

*

आधी नरेशची ओळख करून देते. नरेश आमच्याकडे आखणी करायचा. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. साचे भरणं, घासणं, रंग मारणं ही कामं करायला आम्ही पुष्कळ जण होतो, पण डोळे काढणारे दोघेच. एक आमचे मालक नाना आणि दुसरा नरेश. नानांचा हात हल्ली कापायला लागला होता, म्हणजे खरं तर एकटा नरेशच. आणि हाच नरेश संध्याकाळी ब्रश धुऊन ठेवला की कदम मास्तरांकडे जाऊन बॉक्सिंग करायचा!

कदम मास्तर नौदलातून निवृत्त झालेले. घरामागच्या पडवीत त्यांनी काथ्या भरलेलं पोतं टांगलं होतं. प्लास्टरला बळकटी यावी म्हणून साच्यात घालतात तो काथ्या, अर्थातच आमच्या कारखान्यातला! बॉक्सिंग सोडून जगात दुसरा खेळ आहे हे त्यांना मान्यच नव्हतं.

एके दिवशी मास्तर मुंबईहून एक कॅसेट घेऊन आले. जेवणाच्या सुट्टीत नानांच्या टीव्हीवर ती लागली. एका बाजूला बॉक्सर, आणि समोर सगळं थोडं थोडं येणारा माणूस. लाथा मारणार, कुस्ती खेळणार, हातपाय पिरगळणार, त्याला कशाचीच मनाई नाही!

"आता बघा," मास्तर म्हणाले, "एका ठोशात झोपवतो की नाय!"

आम्ही डबे उघडत होतो. तेवढ्यात त्या दुसऱ्याने खाली वाकून बॉक्सरचे पाय धरले, त्याला उताणा पाडला आणि वर बसून हात असा पिरगळला की बॉक्सरने हार मानली. संपलं! माझ्या शेजारी बसणाऱ्या कुंदाच्या डब्याचं झाकणसुद्धा निघालं नव्हतं.

मास्तरांनी कॅसेट मागे घेतली. परत तेच. पुन्हा मागे घेतली. कितीदा मागे घेतली तरी पडायचा तो बॉक्सरच! शेवटी मास्तरांनी कॅसेट बाहेर काढली, शर्टाला पुसली आणि जाहीर केलं, "कॅसेट खराब हाय!"

नाना म्हणाले, "मास्तर, कॅसेट चांगली आहे. बॉक्सर खराब आहे."

आम्ही सगळे पोट धरधरून हसलो. नरेश हसला नाही. तो त्या बंद टीव्हीकडे बघत बसला होता. मला तेव्हाच काही बरं वाटलं नाही.

*

पेणहून रोह्याला काय, बातमी आगगाडीच्या आधी पोचते. रोह्यात दिलीप नावाचा एक मुलगा होता. कंपनीत शिफ्टला जायचा, लहानपणापासून तालमीत कुस्ती केलेली, शिवाय कॉलनीतल्या क्लासात ज्युडो आणि कराटे शिकलेला. रोहेकर म्हणायला लागले, "कॅसेटीत काय बघताय? आमच्याकडं जिता माणूस हाय. पाठवा तुमचा बॉक्सर!"

कुंदा गणपतीच्या उंदरांना रंग द्यायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कुस्ती, ज्युडो, कराटे... म्हंजे भेळच की गो!"

झालं! तेव्हापासून अख्ख्या पेणमध्ये दिलीपचं नाव भेळ. रोहेकर कमी नव्हते. त्यांनी नरेशचं नाव मूर्ती ठेवलं. "तुमची मूर्ती पाटावरून उतरणार की आम्ही उतरवायची?" असे निरोप यायला लागले. बाजारात, स्टँडवर, केशकर्तनालयात दुसरा विषय नाही. बॉक्सर जिंकणार की भेळ? सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले!

शेवटी लढत ठरली. जागा रोह्याजवळच्या वरसे गावातलं मंगल कार्यालय. त्या कार्यालयाचा मालक स्वतः तालमीतला, त्याने सांगितलं, "आषाढात लग्नं नसतात, हॉल रिकामाच हाय. या आणि काय हाणामारी करायची ती करा." कदम मास्तरांनी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं.

आता पेणमध्ये राहून आषाढ म्हणजे काय हे विसरणारा माणूस कोण? तर कदम मास्तर! अहो, आषाढात आमच्याकडे माणसाला शिंकायला फुरसत नसते. रंग होऊन मूर्ती रांगेत उभ्या, आणि सगळ्या आखणीसाठी थांबलेल्या. सगळ्या एका हातासाठी.

नानांना हे कळलं तेव्हा ते प्लास्टरच्या पोत्यावर खाली बसले. मग त्यांनी समोरच्या रांगांकडे बोट दाखवलं. ते बोट थरथरत होतं.

"ह्या सगळ्यांना डोळे कोण काढणार? मी?"

बिनडोळ्यांच्या मूर्तींच्या रांगेसमोर उभं राहायला तशीही भीती वाटते. त्या दिवशी तर मला तिथून पळून जावंसं वाटलं.

*

नानांनी नरेशला लढू नको म्हणून सांगून बघितलं. नरेश म्हणाला, "नाना, आता नाय गेलो तर पेणमधी तोंड दाखवायला जागा नाय राहणार."

तेही खरंच होतं. मग नानांनी मधला मार्ग काढला. सगळ्यात मोठ्या मूर्तीसमोर त्याला उभा केला आणि म्हणाले, "पायावर हात ठेव. शपथ घे. लढ, पण उजवा हात मारायचा नाही."

नरेशने डोळे मिटून शपथ घेतली. "उजवा मारणार नाय."

मला वाटलं, मिटलं एकदाचं. संध्याकाळी कदम मास्तर तावातावाने कारखान्यात शिरले. "बॉक्सरला सांगता उजवा मारू नको? मंग त्यानं तिथं उभं राहून काय आरती म्हणायची?"

"म्हणू दे," नाना म्हणाले. "आरती म्हणून कुणाचं मनगट मोडलेलं नाही."

"अहो, हातात ग्लोव्ह असतो!"

"कोपरात असतो का?"

कॅसेट त्यांनीच तर दाखवली होती! पिरगळतात तो हात कुठून पिरगळतात, हे आम्ही सगळ्यांनी डब्यासमोर बसून बघितलं होतं.

ही शपथ आमच्या कारखान्यातली माणसं आणि मास्तर सोडून कुणालाही माहीत नव्हती. नानांनी बजावलं होतं, बाहेर कळलं तर रोहेकर त्याला फाडून खातील. आम्ही बायकांनी तोंडाला कुलूप लावलं. मला स्वतःला ते किती जड गेलं म्हणून सांगू!

*

मग सुरू झाली त्या उजव्या हाताची राखण. नवरीच्या हळदीच्या हाताला कुणी जपत नाही एवढं आम्ही जपलं. नरेशने बादली उचलायची नाही, दार ओढायचं नाही. चहाचा कप कुंदा त्याच्या डाव्या हातात द्यायची. तो चिडायचा, "मी काय लुळा हाय का?" कुंदा म्हणायची, "नाय रे बाबा, तू होऊ नये म्हणून तर!"

एके दिवशी धरमतरच्या बाजूची मिठागरात राबणारी मंडळी त्याला बघायला आली. सगळी त्याची चाहती! पुढे होता बाळाराम. हा माणूस मिठाच्या गोण्या उशीसारख्या उचलायचा. आत शिरला तोच गहिवरून ओरडला, "आमचा पोर हाय त्यो!" आणि आम्ही काही म्हणायच्या आत त्याने नरेशचा उजवा पंजा दोन्ही हातांत धरून दाबला.

"सोड!" आम्ही सगळ्या बायका एकदम किंचाळलो. माझ्या हातातून रंगाची वाटी पडली.

बाळाराम इतका दचकला की भिंतीला जाऊन टेकला. "नुसता हात मिलवला गो! मी काय केला?"

खरं कारण सांगता येईना. कुंदा म्हणाली, "त्याच्या हाताचा रंग ओला हाय. तुला लागंल."

बाळारामने स्वतःचे हात बघितले. मिठाने फुटलेले, भेगाळलेले ते हात त्याने चड्डीला पुसले आणि बिचारा लांबूनच म्हणाला, "मंग पाठीव थाप मारू का?" आम्ही नरेशची पाठ चाचपून बघितली आणि परवानगी दिली!

ते गेल्यावर नरेशने ब्रश उचलला. एक रेघ ओढली. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. रेघ सरळ आली, तेव्हा कुठे नाना जेवायला गेले.

*

आमच्याकडे एक पद्धत आहे. ज्या घरी गणपती बसतो ते घर आपला पाट आधी कारखान्यात आणून देतं. त्या घरची मूर्ती त्याच पाटावर उभी राहते, आणि चतुर्थीला त्याच पाटावरून घरी जाते. लढतीच्या आठवड्यातच वरशाहून एक बाई पाट घेऊन आल्या. नऊवारी नेसलेल्या, पदराने घाम पुसत होत्या. पाट खाली ठेवला आणि नरेशच्या पाठीमागे उभ्या राहून आखणी बघायला लागल्या.

नरेश त्यांचीच मूर्ती करत होता. उजवा डोळा झाला होता, डावा चालू होता. बाई पापणी लववीनात. बाहुलीचा काळा ठिपका पडला तेव्हा त्यांनी आपोआप हात जोडले.

"काय नाव रे बाबा तुझं?"

"नरेश."

बाईंचा चेहरा पडला. "म्हंजे बॉक्सिंगवाला नरेश? मी दिलपाची आई."

पॉलिश पेपरने मूर्ती घासणाऱ्यांचे हातसुद्धा थांबले. कुंदाने माझी मांडी चिमटीत धरली. आता ही काय बोलणार? शाप देणार की काय?

बाई म्हणाल्या, "माझ्या पोराचं नाक मोडू नको हां. आधीच बसकं हाय. लगीन जमत नाय."

नरेश खाली बघत म्हणाला, "काकी, मलाच त्याची भीती वाटते."

"त्याला पण तुझी वाटते. रात्री झोपत नाय." मग मूर्तीकडे बघून म्हणाल्या, "डोळे शांत काढ हां. गेल्या वर्षी दुसरीकडनं आणला व्हता, रागीट व्हता. वर्षभर आमच्या घरात भांडणं!"

त्या निघाल्या तेव्हा नरेशला त्यांना थांबवावंसं वाटलं असणार. तो दारापर्यंत गेला. पण बोलला एवढंच, "तो दुसरा डोळा अजून पुरा नाय झाला काकी. शेवटचा हात फिरवायचा हाय. दोन दिवसांनी करीन."

दोन दिवसांनी म्हणजे लढतीच्या दुसऱ्या दिवशी. नानांनी ते ऐकलं आणि डोक्याला हात लावला.

*

रविवारी दुपारी आम्ही कारखान्याच्या टेम्पोतून निघालो. मागे मूर्तीसाठी पसरलेला पेंढा तसाच होता, त्यावर आम्ही. चालवायला बबन. बबनने आयुष्यभर गणपती वाहिले, माणसं कधी नाहीत. पेणच्या बाहेर पडलो आणि लक्षात आलं, हा तर मूर्तीच्या चालीने चालवतोय! खड्डा आला की ब्रेक, वळण आलं की जवळजवळ थांबायचाच. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते.

वाटेतलं कासू गाव आलं तेव्हा कदम मास्तरांनी केबिनच्या पत्र्यावर धपाधप मारलं. "अरे जोरात घे! मागं माणसं हायत, गणपती नायत!"

बबनने मुंडी बाहेर काढली. "मंग काय झालं? फुटतात तर दोन्ही!"

"वेळेवर नाय पोचलो तर ते जिंकल्याचं सांगून मोकळे होतील!"

"मी काय करू? ह्या रस्त्याला माझा पाय खालीच जात नाय!"

शेवटी मास्तर स्वतः पुढे जाऊन बसले आणि प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटून ओरडायला लागले, "जाऊ दे! फुटू दे!" नरेश मागे गप्प बसला होता. उजवा हात त्याने पेंढ्यात खुपसून ठेवला होता. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं. मला रडूच आलं.

पोचलो तेव्हा खरंच रोहेकरांनी दिलीपला हार घालायची तयारी केली होती.

*

मंगल कार्यालयाच्या दारात तिथला जुना माणूस उभा होता. त्याने सवयीने विचारलं, "तुम्ही नवरीकडचे का?"

कुंदा म्हणाली, "व्हय! आमची नवरी टेम्पोत हाताला पट्ट्या बांधतेय!"

त्याने खरंच आम्हाला नवरीच्या बाजूला बसवलं. पेणकर डावीकडे, रोहेकर उजवीकडे, मध्ये वाट. वऱ्हाडाला झोपायला देतात त्या गाद्या स्टेजवर पसरून त्यावर सतरंजी ताणली होती. वर थर्माकोलचं 'शुभविवाह' तसंच लटकत होतं. शाळेतले पी.टी.चे सर पंच होते. त्यांनी नियम सांगितले. बॉक्सर ग्लोव्ह घालणार, दुसरा मोकळ्या हाताने लढणार. चावायचं नाही, डोळ्यांत बोट घालायचं नाही. सहन होईना झालं तर गादीवर थाप मारायची, थाप मारली की हार.

नानांनी येणार नाही म्हणून सांगितलं होतं. आले ते आले, आणि खुर्ची उलटी करून स्टेजकडे पाठ फिरवून बसले! "मला बघवणार नाही," म्हणाले. "कुंदे, तू मला फक्त हाताचं सांग."

शिट्टी झाली. पहिल्या काही मिनिटांत नरेशने कमाल केली! डावा हात असा सुटायचा की दिलीपला जवळच येता येईना. तो पाय धरायला वाकला की हा बाजूला. नाकावर एक बसला, रक्त आलं. आमची बाजू खुर्च्यांवर उभी राहिली.

"हात?" नाना विचारायचे.

"हाय!" कुंदा सांगायची.

नरेशचा उजवा हात हनुवटीला चिकटलेला होता. आता एक उजवा पडला असता तर दिलीप संपला असता, हे कुणालाही कळत होतं. आमच्या मागची पेणची पोरं ओरडायला लागली, "उजवा मार! नऱ्या, उजवा!"

नरेशचा उजवा खांदा जरा हलला. आणि आम्ही रंगकामाच्या बायका जीव खाऊन ओरडलो, "उजवा नको!"

मागचे चक्रावले. "ओ काकी, तुम्ही नक्की कोणाकडच्या?"

"उजवा मार!"

"उजवा नको रे!"

मधल्या विश्रांतीची शिट्टी झाली तसे कदम मास्तर धावत आले. घामाने डबडबलेले, आवाज बसलेला. "तोंडं शिवून घ्या! समोरच्याला कान हायत!"

मी वर बघितलं. दिलीप नाकाला बोळा लावून बसला होता आणि आमच्याकडेच बघत होता. तो हसला.

*

आणि आता जे सांगते ते तुम्ही कुणाकडूनही ऐका, रोह्यात ऐका नाहीतर पेणमध्ये, असंच ऐकायला मिळेल.

शिट्टी झाल्याबरोबर दिलीप सरळ नरेशच्या उजव्या अंगाला घुसला. तिकडून काही येणार नाही हे त्याला कळलं होतं. एक डावा ठोसा त्याने खाल्ला, पण कमरेला मिठी घातली आणि दोघे धाडकन गाद्यांवर. कॅसेटमध्ये बघितलं होतं, अगदी तसंच! पुढच्या क्षणी दिलीप पाठीवर आडवा, त्याचे पाय नरेशच्या छातीवर, आणि दोन्ही मुठींत धरून ताणलेला हात. उजवा.

"हात?" नाना म्हणाले.

कुंदा बोलेना.

"कुंदे, हात?"

"धरलाय नाना," कुंदा रडत म्हणाली.

रोहेकरांची बाजू पेटली होती. "मोड! मोड!" मागची आमची पोरं ओरडत होती, "थाप मारू नको, नऱ्या!" आम्ही ओरडत होतो, "थाप मार रे! थाप मार!" नरेशचा डावा हात मोकळा होता. गादीवर आपटला असता तर सुटला असता. पण त्याने दात आवळले होते, आणि त्याचा चेहरा काळानिळा पडत चालला होता. कोपर सरळ झालं. मग सरळच्याही पलीकडे जायला लागलं. पंच वाकून विचारत होते, "सोडतोस? सोडतोस?" तो मान हलवून नाही म्हणत होता.

तेवढ्यात नवऱ्याच्या बाजूने, रोहेकरांतून, एक बाई वाट ओलांडून पुढे आली. नऊवारी, पदर खोचलेला. स्टेजच्या कडेला जाऊन तिने दोन्ही हात आपटले.

"दिल्या! सोड त्याचा हात! आपल्या गणपतीचा डोळा राह्यलाय!"

रोहेकरांचं 'मोड! मोड!' अर्ध्यावरच राहिलं.

दिलीपने तिरक्या नजरेने आईकडे बघितलं. "आये, मी जिंकतोय!"

"जिंक की! कोण नको म्हणतंय? पण तो हात सोड आधी!"

आणि दिलीपने सोडला! खरंच सोडला. उठून बसला आणि कपाळाला हात लावला. रोहेकर किंचाळत होते, पंच नियम आठवत उभे होते. नरेश हळूहळू उठला. त्याने उजव्या हाताची बोटं ग्लोव्हच्या आत हलवून बघितली, मनगट फिरवलं. दिलीप त्याच्या समोर गुडघ्यांवर बसलेला, हात खाली, तोंड उघडं. मागून पेणची पोरं बेंबीच्या देठापासून ओरडली, "मार! आता मार!"

नरेशने दिलीपकडे बघितलं. मग तो परत गादीवर आडवा झाला, होता तसाच. आणि डावा हात पुढे केला.

"हा घे," तो म्हणाला. "इथनं पुढं चालू कर."

दिलीप गोंधळला. त्याने पुन्हा आईकडे बघितलं.

आई म्हणाली, "डावा हाय ना? मंग पिरगळ!"

दिलीपने पाय छातीवर टाकले आणि डावा पिरगळला. नरेशने बराच वेळ कळ काढली. आमच्यातलं कुणी ओरडत नव्हतं, रोहेकरही नाहीत. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पाय गादीवर घासले जायला लागले. मग त्याने उजवा हात वर उचलला आणि गादीवर थाप मारली.

त्या आवाजाने नाना खुर्चीतून ताडकन उठले, मागे वळले आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असे ओरडले, "अरे हळू! हळू मार! उजवा आहे तो!"